डाव्या पायडलची टकटक

तक्रार एवढीच होती: डावं पायडल खाली जाताना 'टक' असा आवाज येतो. तक्रार करणारे माझे वडील, वय ७४. आवाज त्यांनी शेवटचा ऐकला त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली असतील, कारण तेवढा काळ सायकल बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या जुन्या घराच्या माळ्यावर कोंड्याच्या पोत्यांमागे पडून होती. तरी गणपती उठल्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघांनी ती खाली उतरवली आणि सोप्यात भिंतीला टेकवली, तेव्हा गंजलेल्या रिमा, उंदरांनी कुरतडलेली सीट, फाटके टायर यातलं काही त्यांना दिसलंच नाही. "टकटक निघते काय बघ की. बाकीचं असू दे."

मुदतही त्यांनीच घातली: १ नोव्हेंबर. बेळगावकरांना ही तारीख सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की १९५६ साली त्या दिवशी राज्यांची फेररचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगावचा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. कन्नड माणसं तो दिवस राज्योत्सव म्हणून साजरा करतात. मराठी माणसं हा दिवस काळा दिन म्हणून पाळतात आणि दरवर्षी शहरातून मूक सायकल फेरी निघते. कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही स्कूटर काढणारी माणसं त्या दिवसासाठी सायकल शोधतात. वडील गेली काही वर्षं माझ्या मुलाच्या गिअरच्या सायकलवरून जात होते. त्यावर वाकून बसावं लागतं, म्हणून त्यांची मान दोन दिवस धरून असायची. यंदा त्यांना आजोबांची सायकल हवी होती.

मी शाळेत शिकवतो आणि बेळगावच्या वडगावात राहतो. घरामागच्या परड्यात पत्र्याखाली गेली नऊ वर्षं जुन्या सायकली उघडायचा आणि जोडायचा उद्योग करतो. ही अकरावी. आधीच्या दहांपैकी सात रस्त्यावर आहेत, दोन दिल्या, एक मी स्वतः बिघडवली. हा हिशेब आधीच दिला, म्हणजे पुढे माझ्या चुका वाचताना आश्चर्य वाटायला नको.

सायकलचा इतिहास आजीच्या तोंडून आलेला. आजोबांनी ती 'राज्य बदलायच्या आदल्या वर्षी' घेतली, म्हणजे १९५५. मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवून रोज पहाटे येळ्ळूरहून वडगावमार्गे बेळगावात रतीब घालायचा आणि उन्हं चढायच्या आत परत. जाऊन-येऊन चौदा-पंधरा किलोमीटर, पावसाळ्यासकट, तीसेक वर्षं. आजोबा तिला 'रॅले', म्हणजे त्या इंग्लिश कंपनीची, म्हणायचे. घरात यावर कुणाचा विश्वास नव्हता, कारण चेनकव्हरवर हर्क्युलस लिहिलेलं होतं आणि हँडलखालच्या नळीवर कंपनीचा बिल्ला असतो तिथं नुसती दोन भोकं होती. 'रॅले म्हणजे म्हाताऱ्याची हौस' हा आमच्या घरातला जुना विनोद. मीही त्यात सामील होतो. कव्हरवर लिहिलेलं वाचता येत होतं, मग शंका कशाला?

पहिल्या दिवशी मी फक्त पाहिलं आणि लिहून काढलं. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. जुन्या इंग्लिश पद्धतीच्या सायकलींचा हाच हिशेब, कारण वजन मागे पडतं. मागच्या सात तारा बदललेल्या, जाड. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची डावी बाजू किंचित मागे गेलेली. कुठंतरी खड्ड्यात आपटलेली असणार. रॉडचे ब्रेक शाबूत, गुटके दगड झालेले. सीटखालच्या जोडावर पितळेचा झाळ दिसत होता, तोही सुबक. तो ज्याने घातला त्याचा हात चांगला होता. मडगार्डच्या काडीला तारेने बांधलेला सायकल टॅक्सचा एक बिल्ला होता, आकडे झिजून गेलेले. तो मी काढला नाही.

मग क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धरून आडवा हलवला. डावीकडे चांगला दोन मिलिमीटरचा खेळ. उजवीकडे काही नाही. निदान झालं, असं मला वाटलं: डावी वाटी झिजली आहे, छर्रे इकडेतिकडे होतात, म्हणून टक. (क्रँकचं ॲक्सल सायकलच्या आडव्या नळीतून जातं. नळीच्या दोन्ही तोंडांना आट्यांनी बसवलेल्या वाट्या असतात, त्यांतल्या छर्ऱ्यांवर ते फिरतं.) दुपारी वडिलांना तसं सांगूनही टाकलं.

क्रँक काढायचा म्हणजे आधी कॉटर पिन काढायची. जुन्या सायकली घरी उघडणाऱ्यांची निम्मी हिंमत इथंच संपते. पिन म्हणजे ३/८ इंच जाडीची पोलादी खुंटी. एका बाजूने तिरकी कानसलेली, ती क्रँकच्या भोकातून जाऊन ॲक्सलच्या सपाट खाचेवर बसते आणि नटाने ओढून घट्ट होते. पन्नास वर्षांत ती खुंटी आणि ती खाच एकजीव होतात. नट काढून थेट हातोडी घातली की पिनेचं टोक मशरूमसारखं फुगतं आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नसतं. दुसरं म्हणजे हातोडीचा दणका छर्ऱ्यांमार्फत वाटीवर जातो आणि वाटीत खड्डे पडतात. म्हणून नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी समपातळीत आणून ठेवायचा. क्रँकखाली जाड पोलादी पाइप उभा करायचा, म्हणजे मार जमिनीत जाईल. आणि दहा हलके ठोके घालण्यापेक्षा एकच, पण मनापासून.

उजव्या पिनेने दोन दिवस खाल्ले. आधी रॉकेल आणि डिझेलचं मिश्रण थेंबाथेंबाने, रात्रभर. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या डोळ्याला ब्लोलॅम्पचा शेक, मग पुन्हा तेल, मग दणका. तिसऱ्या दणक्याला ती 'टण्' करून सुटली. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून डोकावून विचारलं, "काय फोडूलाईस रे सकाळपासून?"

डावी मात्र एका टिचकीत निघाली. मला आनंद झाला. व्हायला नको होता. पण त्याबद्दल पुढे.

उघडल्यावर डाव्या वाटीने दुसरा धक्का दिला. बाहेरची लॉकरिंग, म्हणजे वाटी आवळणारी चकती, सोडताच वाटी चक्क हाताने फिरून बाहेर आली. तिच्या आट्यांत काथ्या आणि सफेदा भरलेला होता. प्लंबर नळाच्या जोडाला लावतात तसाच. जेमतेम अडीच आटे धरून ती वाटी बसलेली होती. बाकीचा भार काथ्यावर. आतले छर्रे पाव इंची, एका बाजूला ११ हवेत, निघाले ९, आणि त्यातले दोन अर्धवट फुटलेले. ॲक्सलवर मात्र नुसती रेघ पडलेली, खड्डा नाही. जुन्या पोलादाबद्दल आदर वाटावा असं ते ॲक्सल.

सगळं रॉकेलच्या डब्यात टाकलं. चेनव्हीलवर, म्हणजे क्रँकच्या दातेरी चाकावर, ग्रीस आणि मातीचा इंचभर लेप होता. खरवडून थोडा काढला, आत काही नक्षी दिसली, तेही डब्यात गेलं. शनिवारी खडे बाजारात जाऊन दोन्ही वाट्या, छर्रे, कॉटर पिना, गुटके असा माल घेतला. मी जुनी वाटी नमुन्याला नेली होती. दुकानदाराने ती नव्या वाटीला चिकटवून दाखवली. "आट्याला आटा बसतोय बघा. सगळ्या सायकलींना हेच लागतं." तो खोटं बोलत नव्हता. जुनी वाटी आणि नवी वाटी खरोखर एकच होत्या.

रविवारी नवी डावी वाटी लावायला घेतली. पहिला आटा हाताने गेला, दुसरा पान्ह्याने, तिसऱ्याला ती अडली. इथं शहाण्या माणसाने थांबायचं असतं. मी पान्ह्याला दोन फुटी पाइप लावला. वाटी पाव फेरा पुढे गेली आणि नळीच्या कडेतून लोखंडाचा चकचकीत, बारीक, गुंडाळलेला केस बाहेर आला. तो केस अजून मी डबीत ठेवलाय. तो वाटीचा नव्हता, सायकलच्या नळीचा होता.

त्या रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी शाळेत जायच्या आधी एक काम केलं, जे आठ दिवस आधी करायला हवं होतं. उजवी वाटी काढली. ती उलट्या आट्याची असते, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. माहीत नसलेला माणूस ती सोडवायच्या नादात आणखी आवळतो. ती पुसून तिच्या आट्यांवर वहीचा कागद गुंडाळला आणि शिसपेन्सिल आडवी घासली. आट्यांच्या रेघा कागदावर उमटल्या. पट्टीवर अर्धा इंच मोजला: १३ रेघा. नव्या वाटीचा तसाच ठसा घेतला: अर्ध्या इंचात १२.

म्हणजे एका इंचात २६ आणि २४. बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, एक इंच आणि तीन अष्टमांशाच्या आसपास, म्हणून डोळ्याला फरक कळत नाही. एका आट्याला फरक ०.०८ मिलिमीटर. दोन आटे जातात, तिसऱ्यापासून दात दाताच्या डोक्यावर चढतो, आणि सहाव्यापर्यंत अर्धा मिलिमीटर चूक साठते. जोर लावला तर दोघांपैकी मऊ असेल तो कापला जातो. वाटी कडक असते, नळी मऊ.

२४ आटे हे इंग्लंडातलं सर्वसाधारण माप. आपल्याकडे लुधियानापासून चेन्नईपर्यंत साध्या काळ्या सायकली पुढे याच मापावर निघत राहिल्या. २६ आटे वापरणारी मोठी कंपनी एकच ध्यानात येते: नॉटिंगहॅमची रॅले. वाटीपासून हँडलखालच्या बेअरिंगपर्यंत तिने स्वतःचं माप चालवलं, त्यामुळे तिची सायकल दुरुस्त करायची तर तिचाच भाग हवा. धंद्याला बरं, गिऱ्हाइकाला नाही.

मी डब्यातून चेनव्हील काढलं आणि वायरब्रशने घासलं. नक्षी नव्हती ती. लांब चोचीचे, माना वळवलेले तीन बगळे होते. बगळा हे रॅलेचं चिन्ह, चेनव्हीलमध्ये कोरलेलं. मग चिमट्याचा माथा पाहिला. हर्क्युलसचा असतो तसा सपाट पत्र्याचा नव्हता. दोन गोल नळकांड्यांवर टोप्या घातल्यासारखा, रॅलेचाच. चेनकव्हर तेवढं कुणीतरी हर्क्युलसचं आणून बसवलेलं. पत्रा सडला असेल, बाजारात मिळालं ते लावलं. नुसत्या आट्यांवरून मी पैज लावली नसती. १९६० मध्ये हर्क्युलस आणि फिलिप्सची मालक कंपनी आणि रॅले एक झाल्यावर नॉटिंगहॅमच्या कारखान्यात ती जुनी नावंही निघाली, त्यामुळे आटे आणि नाव यांची गाठ पुढे सैल झाली. पण १९५५ची सायकल, बगळे आणि तो माथा, तिन्ही मिळून शंका राहिली नाही. ती थेट नॉटिंगहॅमहून आली, की तोवर आसनसोलला सुरू झालेल्या सेन-रॅलेच्या कारखान्यातून, या प्रश्नाच्या मागे मी लागलो नाही. वाटी बनवायला त्याची गरज नव्हती.

वडिलांना फोन करून सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "म्हातारा खरं बोलायचा म्हणायचा की. खरं टकटक?" आमच्याकडे 'पण'लाही 'खरं' म्हणतात.

टकटकीचा उलगडा आता झाल्यासारखा वाटत होता. कधीतरी, बहुधा सत्तरच्या दशकात, मूळ डावी वाटी फुटली. मिस्त्रीकडे २६ची वाटी नव्हती. त्याने २४ची दाबली, अडीच आट्यांवर अडकली, आणि पहाटे दुधाला निघायचंय म्हणून काथ्या-सफेद्यावर भागवलं. मी पाइप लावून नेमकं तेच करत होतो, फक्त काथ्याशिवाय. त्याच्याकडे निदान घाईचं कारण होतं.

पर्याय चार होते. नळीला २४चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मारायचा. पण २६वर २४ फिरवला की दोन्ही जातात आणि उरतो गुळगुळीत पत्रा. नव्या पद्धतीची, बिनआट्याची, आतून फुगून बसणारी सीलबंद असेंब्ली मागवायची. ती मिळते, पण कॉटरच्या क्रँकला चालणारी शोधणं आणि महिन्याभरात येणं अवघड. तिसरा, भंगारात दुसरी रॅले शोधायची. दोन रविवार अनगोळपासून कंग्राळीपर्यंत फिरलो. एक हंबर सापडली, तीही रॅलेच्याच घराण्यातली, पण मालक विकायला तयार नाही आणि माझंही तिला फाडायला मन झालं नाही. चौथा पर्याय उद्यमबाग, बेळगावची औद्योगिक वसाहत.

बेळगावच्या हौशी माणसाला जे सुख आहे ते पुण्या-मुंबईच्या माणसाला सहज नाही, असं माझं मत आहे. शहराच्या दक्षिणेला फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट हे सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. मोठ्या कारखान्यांची कामं करणारे लोक, पण दुपारच्या चहाच्या वेळी गेलं तर एखादा छोटा नग मनावर घेतात. माझ्या ओळखीचे एक लेथवाले आहेत. घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, लेथशी दोन्ही. त्यांनी कागदावरचे पेन्सिलचे ठसे पाहिले, हसले, खिशातून आटे मोजायचं थ्रेड गेज काढून उजव्या वाटीला लावलं. "सव्वीसच री. कागदावर बरोबर काढलायसा. खरं लॉकरिंग?"

लॉकरिंग मी विसरलो होतो. वाटी २६ची केली तर तिला बाहेरून आवळणारी चकतीही २६ची हवी. आणि माझ्या पाइपने खराब केलेले नळीचे पहिले तीन आटे? त्यांनीच उपाय सांगितला: एक नाही, दोन वाट्या काढू. एकीला बाहेरून चार उभ्या खाचा मारू. तीच टॅप. आधी ती हळूहळू फिरवून नळीचे आटे साफ करायचे, मग खरी वाटी लावायची. आतल्या बाजूचे आटे शाबूत होते, म्हणून वाटीची आट्यांची लांबी मूळपेक्षा थोडी जास्त ठेवायची, म्हणजे पकड आत मिळेल.

पोलाद ईएन-३१, बेअरिंगचं. लेथवर असताना मऊ, मग सव्वाआठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवायचं, आणि ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा थोडा शेक. छर्ऱ्यांची गोलाई त्यांनी पाव इंची छर्राच धरून तपासत काढली. सगळं मिळून काम दीड दिवसाचं, पण लागले अठरा दिवस, कारण मध्ये दसरा आला. खंडेनवमीला लेथलाच झेंडूचा हार घातलेला, तिला कोण कामाला लावणार? त्यानंतर तिथं आणखी एक अडचण उभी होती. शेजारच्या मंडळाचा राज्योत्सवाचा चित्ररथ. त्याच्यावर फिरणारं काहीतरी होतं आणि त्या फिरण्याचा शाफ्ट हेच लेथवाले करत होते. माझी वाटी आणि त्यांचा शाफ्ट दोन्ही एकाच तारखेला हवे होते. "तुमची पण एक तारीख, यांची पण एक तारीख," ते म्हणाले, "मला तेवढी रात्र पुरत नाही बघा." वाटी आधी दिली. लहान होती म्हणून.

त्या अठरा दिवसांत रंगाचं काम केलं. वडिलांना सायकल काळी कुळकुळीत हवी होती. मी नकार दिला. भट्टीत भाजलेला तो जुना काळा एनॅमल पुन्हा मिळत नाही, आणि दुकानातला डबा त्यावर फासला की सायकल लग्नाच्या मांडवातल्या खुर्चीसारखी दिसते. शिवाय खरवडायचं धाडसही नव्हतं. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशाला आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा लागू झाली तीच २०१७ च्या नोव्हेंबरात. कोरडा पॉलिश पेपर मारून ती धूळ परड्यात, तेही मुलं खेळतात तिथं, उडवायची नव्हती. त्यामुळे साबणपाणी, मग ऑक्झॅलिक ॲसिड: लिटरला साधारण ३० ग्रॅम, हातमोजे घालून, मडगार्ड आणि चेनकव्हर प्लास्टिकच्या टबात रात्रभर. ते विषारी आहे, भुकटी नाकात जाऊ द्यायची नाही आणि टबावर झाकण हवं. पण त्याचा गुण असा की गंज खातं आणि रंगाला सहसा धक्का लावत नाही. सकाळी सोड्याच्या पाण्याने धुतलं, तर मडगार्डच्या काळ्यावर सोनेरी रेघांची जोडी वर आली, हाताने ओढलेली, एका ठिकाणी किंचित थरथरलेली. वडिलांनी ती बोटाने चाचपली. काळ्या कुळकुळीतचा विषय त्यानंतर निघाला नाही. वरून मेणाचा हात दिला, एवढंच. घंटी आईने चिंचेने घासून दिली, देवांच्या भांड्यांबरोबर.

टायरांची काहीच अडचण आली नाही. २८ बाय दीड हे माप परदेशातले हौशी लोक शोधत बसतात. आपल्याकडे ते कुठल्याही तालुक्याच्या गावात खुंटीला टांगलेलं मिळतं. रिमांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला एक संध्याकाळ गेली.

२६ ऑक्टोबरला वाटी बसली. खाचांच्या वाटीने आटे साफ करताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्ये तेल. पुढे जाईना की थांबायचं. यावेळी थांबलो. मग खरी वाटी. शेवटपर्यंत हाताने गेली. ११ छर्रे, ग्रीस, लॉकरिंग. क्रँक आडवा हलवला तर खेळ शून्य. नव्या कॉटर पिना घातल्या, जोडणी पूर्ण केली, आणि रात्री नऊ वाजता येळ्ळूर रोडला चाचणीला निघालो.

पहिला किलोमीटर मख्खन. दुसऱ्यात, चढाला उभं राहून जोर दिल्यावर, डावं पायडल खाली जाताना: टिक.

मी उतरून रस्त्याच्या कडेला बसलो. 'टक' नव्हे, 'टिक', एवढाच काय तो फरक. घरी येऊन यावेळी नीट, क्रमाने गेलो. पायडल न मारता सायकल सोडली, आवाज नाही; म्हणजे चाकांचा नाही. क्रँकच्या एका फेऱ्याला एकदाच येतो; चेनची खराब कडी असती तर ती फिरून यायला जास्त फेरे लागले असते. सीटवरून उठून जोर दिला तर जास्त. म्हणजे सीटची स्प्रिंग नाही. डावं पायडल बदलून पाहिलं. त्याला उलटे आटे, त्यामुळे उजवं तिकडे लावता येत नाही, मुलाच्या सायकलचं आणलं. आवाज तसाच. उरलं काय? कॉटर.

तेव्हा ती टिचकी आठवली. उजवी पिन दोन दिवस आणि डावी एका टिचकीत, हे मला जुन्या सायकलने स्वतःहून सांगितलेलं निदान होतं. ती डावी पिन मी फेकली नव्हती, सुदैवाने. भिंगाखाली पाहिली तर तिरक्या बाजूवर मधोमध एक पायरी पडलेली. वर्षानुवर्षं ॲक्सल तिच्यावर कणभर पुढेमागे होत आलेलं. टकटकीची कारणं दोन होती. मोठं कारण, वाटी, समोर आलं म्हणून धाकट्याकडे मी पाहिलंच नाही.

आणि नव्या पिनेचं काय? ती बाजारातून आणून तशीच ठोकली होती. तयार पिनांच्या तिरक्या बाजूचा कोन ॲक्सलच्या खाचेशी जुळेलच असं नसतं. नवी पिन काढून तिरक्या बाजूला पेनची निळी शाई फासली, पुन्हा बसवली, काढली. शाई फक्त बारीक टोकाकडच्या एक तृतीयांश भागावरून पुसली गेली होती. बाकी भाग खाचेला शिवतही नव्हता. बारीक कानस घेतली. घासायचं, शाई, बसवायचं, काढायचं. पहिल्यांदा अर्धं. दुसऱ्यांदा पाऊण. तिसऱ्यांदा कडेकडेचा थोडा भाग सोडता सगळी शाई गेली. मग थांबलो, कारण जास्त घासली की पिन खोल जाते आणि नटाला आटे उरत नाहीत. उजव्या पिनेलाही तोच उपचार. दोन्हींचा कोन सारखा नसेल तर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पाय विचित्र फिरतात. दोन्ही नट एकमेकांच्या उलट बाजूला. पाइपाचा आधार, एक दणका, नट, पुन्हा एक दणका, पुन्हा नट.

२९ तारखेला रात्री तोच चढ. टायरांचा आणि रातकिड्यांचा आवाज. दुसरं काही नाही.

खर्च विचारणारे विचारतातच, म्हणून: दोन वाट्या, लॉकरिंग आणि हीट ट्रीटमेंट मिळून अकराशे. टायर-ट्यूब, गुटके, छर्रे, पिना, तारा, ॲसिड, मेण, सगळं धरून आणखी अठराशेच्या घरात. फुकट गेलेल्या २४च्या वाट्या वेगळ्या. त्या आता माझ्या बाराव्या सायकलला लागतील, ती हर्क्युलस आहे, खरीखुरी. सीट मात्र नवी नाही. उंदरांनी खाल्लेल्या कातड्याखालची स्प्रिंग ठेवली आणि शहापुरातल्या एका चर्मकारांकडून वर कातडं चढवून घेतलं. ते पैसे वडिलांनी परस्पर दिले. किती, ते सांगत नाहीत.

३१ ला संध्याकाळी वडील परड्यात आले. पायडलवर डावा पाय ठेवून, उजव्याने दोन-तीन ढकल्या देत, मग पाय मागून टाकून चढले, आजोबा चढायचे तसे. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आले. उतरताना म्हणाले, "ब्रेक लागूलाय, खरं डावा गुटका रिमला घासूलाय."

बरोबर होतं. एक सूत सरकवला.

१ तारखेला सकाळी ते दंडाला काळी फीत बांधून निघाले. लेथवाल्यांचा चित्ररथ त्याच संध्याकाळच्या मिरवणुकीत होता. शाफ्ट फिरला, असा त्यांचा निरोप नंतर आला. वडील दुपारी परतले तेव्हा सायकल साधारण वीस किलोमीटर चालली होती. नव्या कॉटर पिना पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर बसतात आणि नट पाव फेरा सैल होतो, तेव्हा तो पुन्हा आवळावा लागतो. नाहीतर पिनेवर ती पायरी पडायला लगेच सुरुवात होते. वडील जेवायला बसले, मी पान्हा घेतला. डावीकडचा नट पाव फेरा गेला, उजवीकडचा जेमतेम तेवढाच. पाइप, एक दणका, पुन्हा नट. काकू कुंपणावरून डोकावल्या.